ओट्यासमोरची खिडकी

फाइल उघडली आणि पडद्यावर घर तिरकं आलं. भिंती कललेल्या, खोल्यांची नावं उतरणीला लागलेली, उत्तरेचा बाण भलतीकडेच बघतोय. निवृत्त ड्राफ्ट्समनने कपाळाला हात लावला.

"घ्या! बाईसाहेबांनी घरच फिरवून ठेवलंय."

सकाळी मुलगा विजेवरच्या नव्या स्कूटरची किल्ली बोटावर गरगरवत सांगून गेला होता, "बाबा, वरच्या मजल्याच्या जिन्याचं ड्रॉइंग आज करूनच टाका. उद्या कंत्राटदार येतोय. स्वयंपाकघरातली खिडकी बुजवली की जिना मस्त बसतो. नाही तरी चुकलेलीच आहे ना आईची ती खिडकी?"

चुकलेलीच होती. मुलाला, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना त्यांनीच तर हे सांगितलं होतं. नवराबायको दोघंही एकाच ऑफिसात ड्राफ्ट्समन. बायकोचं काम असं, की साहेब तिच्या ड्रॉइंगवर न बघता सही ठोकायचे. आणि त्याच बाईने स्वतःच्या घरात ओट्यासमोरची खिडकी भिंतीच्या मधोमध न घेता पावणेदोन फूट डावीकडे घेतली. "दिव्याखाली अंधार!" ते आल्यागेल्याला खिडकी दाखवून म्हणायचे. ती चहा गाळता गाळता हसायची. "असू दे हो, चुकतं माणूस कधी तरी." एकोणीस वर्षं हा विनोद पुरला. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि तोही बंद पडला.

घराची ही फाइल त्यांनी कधी उघडलीच नव्हती. "घर मी काढणार, तुम्ही तुमचे कारखाने काढा," असं तिने बजावलं होतं. तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती होती!

त्यांनी चष्मा पुसला. ड्रॉइंग फिरवलंय की नुसता व्ह्यू? नवशिके बघण्याच्या सोयीसाठी ड्रॉइंगच फिरवतात आणि मग दिशांचा बट्ट्याबोळ होतो. त्यांनी एका भिंतीचा कोन तपासला. शून्य. घर जागच्या जागीच होतं. तिने फक्त आपली बघायची दिशा चौतीस अंशांनी वळवली होती आणि फाइल तशीच सेव्ह केली होती. सरळ करायला एक कमांड पुरे. त्यांनी ती टाइपही केली, पण एंटरवर बोट तसंच राहिलं. या घराकडे तिने शेवटचं बघितलं ते असं. सरळ करून सेव्ह केलं की ते पुसलं जाणार.

पण चौतीसच का? तीस नाही, पस्तीस नाही. उगाच काही करणारी बाई नव्हती ती.

मग दिसलं. सगळं घर तिरकं होतं, फक्त एक रेघ सोडून. फिकट राखाडी, छपाईत न येणाऱ्या लेअरवरची, म्हणून कागदावर कधी दिसलीच नव्हती. ती पडद्यावर अगदी ओळंब्यात उभी होती. खालचं टोक सिंकपाशी, जिथे ती उभी राहायची. तिथून रेघ खिडकीतून बाहेर पडून अंगणावरून थेट फाटकाशी संपत होती. त्यांनी खिडकी भिंतीच्या मधोमध सरकवून पाहिली. रेघ भिंतीत घुसली. मधल्या खिडकीतून फाटक दिसलंच नसतं. त्यांनी घाईघाईने खिडकी परत जागेवर आणली.

संध्याकाळी ती ऑफिसातून आधी घरी पोचायची. मागून ते फाटक लोटून आत यायचे, बेलकडे हात न्यायचे, तोच दार उघडायचं. एवढ्या वर्षांत बेल म्हणून वाजवावी लागली नाही.

"कसं गं कळतं तुला?"

"तुमच्या खटाऱ्याचा आवाज अख्ख्या गल्लीला कळतो."

आणि ते चारचौघांत आपल्या त्या जुन्या स्कूटरचं कौतुक सांगत बसायचे. खुळा माणूस!

"अगं, सांगायचंस तरी," ते मोठ्याने म्हणाले. घरात कोणी नव्हतं. तिची आठवण रोजच यायची. पण आज ती हवी होती, इथे, समोर, "चुकलो बाई" एवढं ऐकून घ्यायला. बाकी काही नको होतं.

त्यांनी नाक ओढलं, कमांड खोडली आणि जिना मागच्या भिंतीला काढायला घेतला. तिरक्याच व्ह्यूमध्ये, मान वाकडी करकरून. दुपारभरात मानेचे हाल झाले.

संध्याकाळी ते सिंकपाशी कप विसळत उभे होते. हातातला कप एकच होता, पण विसळणं बराच वेळ चाललं होतं. मग कप तसाच टाकून ते लगबगीने बाहेर गेले आणि दार उघडलं. मुलाचा हात बेलपर्यंत पोचलाही नव्हता.

"जिना मागून येईल," ते म्हणाले. "खिडकीला हात लावायचा नाही."

"पण बाबा, तुम्हीच तर म्हणायचात, आईची चूक..."

"चूक माझी होती."

मुलाने किल्ली खिशात टाकली. "बरं, राहू दे खिडकी. पण मी आलो हे कसं कळलं तुम्हाला?"

"गाडीचा आवाज आला," ते म्हणाले आणि चहा टाकायला आत वळले.

मुलाने मागे वळून पाहिलं. फाटकाशी त्याची विजेवरची स्कूटर उभी होती. तिला आवाजच नव्हता.