गाठोड्यांच्या मागं

"तू काय बी घोर करू नगंस. म्या पहिल्या गाडीनं येते आन् साडेपाचला तुला मोकळी करते," असं छबूबाईनं रोशनबीला आदल्या दिवशी छाती ठोकून सांगितलं होतं.

दोघीही नगरच्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया. रोशनबी रात्रपाळीला, छबूबाई सकाळी सातच्या पाळीला. तिथला नियम असा, की दुसरी आया येऊन चादरी, भांडी आणि पाळण्यातली पोरं मोजून ताब्यात घेत नाही, तोवर पहिलीनं वॉर्डाचा उंबरा ओलांडायचा नाही. रोशनबीचा एकुलता एक नियाज लष्करात होता. सुट्टी काढून मिरजगावला सासुरवाडीत गेला होता. लढाई लागली, तार आली, आणि आता तो तिकडूनच परभारे स्टेशनवर येऊन सव्वासहाच्या गाडीनं जाणार होता. आईला पोरगा भेटायचा तो फलाटावरच.

छबूबाई घोडेगावातून निघाली ती अगदी वेळेवर. एसटीच्या दिव्यांवर काळा कागद चिकटवलेला, ड्रायव्हर बैलगाडीच्या चालीनं हाकत होता, तरी ती साडेपाचच्या आसपास नगरला उतरली. उतरली आणि चक्रावलीच. नगर गेलं कुठं? एक दिवा नाही, एक खिडकी उजळलेली नाही. ब्लॅकआऊट म्हणतात तो हाच, हे कळलं, पण कळून पाय कुठं टाकायचा ते थोडंच कळतं?

खरं सांगायचं तर दवाखान्याचा रस्ता तिला ठाऊकच नव्हता. नोकरीला लागून दोन महिने झाले होते. रोज ती फटफटल्यावर दुसऱ्या गाडीनं येई. त्या वेळी स्टँडवर उतरून हातात भाकरीचं गाठोडं घेऊन लगबगीनं निघणारी माणसं म्हणजे पेशंटची माणसं. त्यांच्या मागं लागलं की दवाखाना आपोआप येतो, हे बाईंनी पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं, आणि या हुशारीचा त्यांना चांगलाच तोरा होता.

आजही तिनं तेच केलं. अंधारात सात-आठ माणसं चाललेली दिसली, लसणाच्या चटणीचा वास आला. 'हीच ती,' म्हणून ती मागं लागली.

रस्ता काही संपेना. रोज डाव्या हाताला वळायचं की उजव्या, हे तिला काही केल्या आठवेना. पुढं एक बाई मुसमुसत होती. 'असंल बिचारीचं कोन तरी अत्यवस्थ,' असं म्हणत छबूबाईनंही डोळ्याला पदर लावला. मग धुराचा वास यायला लागला, आणि तिच्या डोक्यात गोंधळ उडाला. दवाखान्यात फिनेलचा वास असतो, आज दगडी कोळसा कशापायी जाळलाय? शेवटी ती मोठ्यानं विचारती झाली, "आवो, ह्यो वॉर्ड तरी कोंचा?"

"वॉर्ड?" अंधारातून कुणीतरी म्हणालं. "मावशे, फलाट हाय ह्यो."

तेवढ्यात शेजारच्या डब्याच्या खिडकीतून हाक आली, "छबूमावशी? तुमीच का?"

नियाज. गेल्याच महिन्यात, ईदला त्यांच्या घरी शिरखुर्मा खाताना तिनं सगळी गल्ली आवाजानं दणाणून सोडली होती. त्या आवाजावरून त्यानं तिला ओळखलं.

"मावशी, अम्मी कुठंय?"

आता काय सांगणार? तुझी आई माझ्यासाठी वॉर्डात अडकलीय आणि मी इथं तुझ्यासमोर उभी आहे, हे कुठल्या तोंडानं बोलायचं? "थांब बाबा, तिला घिऊन येते म्या!" म्हणून ती वळली, चार पावलं पळाली आणि थांबली. कुठल्या बाजूला पळायचं हेच तिला कळेना. इंजिनानं शिटी दिली. तशी ती परत फिरून नियाजच्या आवाजाच्या रोखानं चाचपडत आली. खिडकीतून एक हात बाहेर आला, तिचा हात घट्ट धरून डब्याबरोबर थोडा चालला आणि सुटला.

पुढं विचारत विचारत, दोनदा चुकून ती वॉर्डात पोचली तेव्हा पावणेसात झाले होते. रोशनबी दारातच उभी होती. डोक्यावर पदर, हातात चपला. उंबऱ्याच्या आत.

"गेली न्हवं गाडी?" तिनं विचारलं.

छबूबाईनं काही म्हणजे काही लपवलं नाही. स्वतःला शिव्या घालत, रडत सगळं सांगितलं. रोशनबी चिडेल, निदान बोलेल तरी, असं तिला वाटत होतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"तू भेटलीस व्हय त्याला," रोशनबी हळूच म्हणाली. "कसा दिसत हुता गं?"

"दिसला न्हाई गं. डोळ्यात बोट घातलं तरी कळंना असा काळोख. हात तेवढा धरला त्यानं."

"कोंचा?"

"आँ?"

"तुजा कोंचा हात धरला?"

छबूबाई आठवू लागली. डावा म्हणावा तर डाव्यात पिशवी होती. पिशवी होती, का ती पळताना उजव्यात घेतली होती? काही केल्या आठवेना. मग तिनं दोन्ही हात पुढं केले.