एप्रिलचं पाकीट

पाकिटाचा डिंक घामाने सुटत होता. रत्नमालेने पर्समधल्या पर्समध्ये, न बघता, अंगठ्याने तो पुन्हा दाबला — आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हाताला एकच पाकीट लागतंय. दुसरं गेलं. दानाच्या थैलीत गेलं, आणि ती थैली आता वेदीजवळच्या टेबलावर पाळकसाहेबांपुढे उपडी झाली आहे... कुठलं गेलं? सकाळी घरातून निघताना दोन होती, दोन्ही पांढरी, दोन्हीवर चर्चचा शिक्का. थैली रांगेत पुढे आली तेव्हा शेजारच्या मुक्ताबाईंनी कोपराने ढोसलं, "टाक की गं," आणि तिने हाताला आलं ते टाकलं. आता पर्स उघडून बघायला कितीसा वेळ लागतो? पण हात चालेना. बाई गं, काय करून बसलीस हे!

एक पाकीट तिचं होतं, एक नवऱ्याचं, शमुवेलचं.

शमुवेल जाऊन सात आठवडे झाले होते. तरी त्यांचं पाकीट होतं, कारण त्या माणसाची तऱ्हाच तशी. वर्षाअखेरच्या उपासनेला चर्चमधून घरटी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार लिहून आत दान घालायची, पाकिटं मिळत, आणि एक जानेवारीला जेवणं उरकली की शमुवेल कॅलेंडर मांडीवर घेऊन वर्षभराची पाकिटं एका बैठकीत लिहून टाकत — लेकीचा वाढदिवस, स्वतःचा वाढदिवस, त्यांनी दहावीपासून न चुकवलेला सुगीचा सण. "आधी वर्ष तर उजाडू द्या, मग उपकार माना," ती चिडवायची. "देणारा काही पळून जात नाही," ते म्हणायचे, आणि पाकिटावर फुंकर मारून शाई वाळवायचे. एप्रिलचं पाकीट परवा बायबलच्या कव्हरात सापडलं. त्यांचं ते किरटं, उजवीकडे चढत जाणारं अक्षर: 'लग्नाला एकतीस वर्षे. बायकोने मला निभावून घेतले, त्याबद्दल.' आज तोच लग्नाचा वाढदिवस होता, सतरा एप्रिल.

दुसरं पाकीट तिने काल लिहिलं, म्हणजे मुक्ताबाईंनी लिहून घेतलं. 'दुःखात धीर दिल्याबद्दल.' "आस्सं लिव्ह," त्या म्हणाल्या होत्या, "लई बरं वाटंल लोकायला." तेच टाकायचं ठरलं होतं. शमुवेलचं नुसतं जवळ ठेवलं होतं, घरी एकटं सोडून येववेना म्हणून...

पाळकसाहेबांनी पहिलं पाकीट उचललं. इथली रीतच आहे, पाकिटावरचं मोठ्याने वाचायचं, ज्याचं असेल त्याने जागेवर उभं राहायचं, सगळ्यांनी आमेन म्हणायचं. "रामकिसन साळवे. पडेगावच्या नव्या प्लॉटवर बोअरला पाणी लागल्याबद्दल." पुरुषांच्या बाजूला रामकिसन लाजत उभे राहिले, आणि असं दणदणीत आमेन झालं की वरची कबुतरं उडाली. लातूरला रेल्वेने पाणी जातंय, आणि या गड्याच्या बोअरला पाणी लागतं! आमेन नाही तर काय म्हणतील लोक?

पाणी... त्या दिवशीही पाणीच होतं. शहराच्या कडेला सातारा परिसरात नव्या बिल्डिंगी उठल्या, त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर त्यांनी घर घेतलं. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती, आणि बोअरने जानेवारीतच हात टेकले. टँकर खालच्या हौदात ओतून जाई. मोटर जळालेली. शमुवेलनी सहा खेपा केल्या, दोन्ही हातांत बादल्या, आणि ती दारात उभी राहून म्हणाली — काय म्हणालीस गं? सांग ना आता — "अजून दोन आणा, मग चहा देते." जिन्यातून त्यांचा आवाज आला होता, श्वास लागलेला, "रत्ना, पुढच्या साली लिफ्टसाठी एक पाकीट लिहू." ती हसलीसुद्धा होती. त्यांनी दोन बादल्या मोरीत आणून ठेवल्या, सांडू न देता, आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले, ते बसलेच. चहा गॅसवर उतू गेला.

मग माणसं जमली, शवपेटी आली, आणि अंघोळ घालायची वेळ झाली तेव्हा कुणीतरी विचारलं, पाणी आहे का घरात? या उन्हाळ्यात कुठंही हाच पहिला प्रश्न. होतं. त्यांनीच आणलेल्या त्या दोन बादल्या होत्या. बरं झालं, भरून घेतलं होतं... हे तिच्या मनात आलं, अगदी रोजच्यासारखं आलं, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "देवा, तुझे उपकार." ते मुक्ताबाईंनी ऐकलं. महिना व्हायच्या आत अख्ख्या मंडळीत झालं: नवरा समोर निजवलेला, तरी रत्नमालेनं उपकार मानले, व्हय, या कानांनी ऐकलं, असा विश्वास पाहिजे! बायका येऊन तिचा हात हातात घेत. ती मान खाली घाली. कुणाला सांगणार, की मी दोन बादल्यांसाठी मानले ते उपकार, ज्या दोन बादल्यांनी माझा माणूस नेला, त्यांच्यासाठी?

"कडूबा तोरणे. नातवाचा ताप उतरल्याबद्दल." आमेन.

आता त्यांचं पाकीट निघालं तर? सगळ्या माना वळतील. आणि तिला उभं राहावं लागेल, 'बायकोने निभावून घेतले' हे ऐकत, देवाच्या घरात... खोटं आहे, शमुवेल, तुम्हाला माहीत नव्हतं. जानेवारीत लिहिलंत, फेब्रुवारीचं काय ठाऊक तुम्हाला? आणि तिचं निघालं तर? धीर दिल्याबद्दल! कुणी दिला धीर? सात आठवडे ती रात्री मोरीतल्या रिकाम्या बादल्या पालथ्या घालत होती, सकाळी पुन्हा सुलट्या करत होती. त्या बादल्यांना दुसरं कुणी हात लावलेलं तिला चालत नव्हतं. त्या पाण्याचा शेवटचा तांब्या तिने स्वतः त्यांच्या पायांवर ओतला होता, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. ते गार, स्वच्छ पाणी... उपकार मानले ते काही खोटं नव्हतं. तेवढंच एक खरं बोलली होती ती, आणि सात आठवडे त्याचीच लाज वाटून घेत होती.

टेबलावर दोनच पाकिटं उरली. पाळकसाहेबांनी वरचं उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं.

माझं नको, देवा. त्यांचं असू दे, त्यांचंच वाच, त्यांनी तरी ते मनापासून लिहिलंय. सात आठवड्यांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. पर्समधला हात तिने रिकामाच बाहेर काढला. उरलेलं पाकीट कुठलं ते बघण्याची हिंमत अजूनही नव्हती. तरी ती उभी राहिली.

"अगं, बस की!" मुक्ताबाईंनी पदर ओढला. "नाव कुठं घेतलंय अजून?"

रत्नमाला खाली बसली नाही.