टाकीखालचं हिरवं गवत

काटोल रस्त्यावरच्या शेतकी केंद्रात नऊ वर्षं मी एकच काम इमानाने केलं. रोज सकाळी साडेआठला तांब्याच्या पत्र्याच्या वीतभर खोल टाकीत मापाने पाणी ओतायचं. खुणेपर्यंत यायला जेवढं लागलं, तेवढं कालपासून हवेत गेलं, असं वहीत लिहायचं. वही नागपूरला साहेबांकडे जायची. एक दिवस खाडा नाही. बायकोच्या बाळंतपणातही मी टाकीपाशीच होतो आणि याचा मला, गाढवाला, अभिमान होता.

शेजारच्या बागेतल्या प्रयागबाई रोज कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "मास्तर, आज किती?" मी सांगेन त्या आकड्याच्या बेताने त्या संत्र्यांच्या आळ्यांत पाणी सोडायच्या. नवऱ्यामागे दीडशे झाडं त्यांनी एकटीने जगवली होती. पूर्वी त्या माती मुठीत दाबून पाहायच्या. मीच हसून म्हटलं होतं, "बाई, मुठीले काय समजते? टाकीले विचारा."

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलात त्या कुंपण ओलांडून थेट आत आल्या. बुंध्यांतून डिंक गळत होता, साल कुजली होती. पाणी जास्त झालं की संत्र्याला हाच रोग लागतो.

"तुमी सांगतलं तेवढंच पानी देऊन राहिली मी," त्या म्हणाल्या. मग टाकीखाली बघत राहिल्या. "मास्तर, सारं रान जळून गेलं. हे गवत काहून हिरवं हाये गा?"

ते गवत माझं लाडकं. भर उन्हाळ्यात टाकीच्या लाकडी चौकटीखाली हिरवी लव पाहून बरं वाटायचं. मी तिथेच डबा खायला बसायचो. डोळे फुटले होते माझे! हात घातला, तर खाली चिखल. तळाच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं आणि मी ते हवेत गेलं म्हणून लिहीत होतो.

"कवापासून?"

तेच मला सांगता येईना. यंदापासून की पहिल्या वर्षापासून? गवत पहिल्यांदा कधी दिसलं, ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. नऊ वह्यांतला एकही आकडा आता छातीठोकपणे खरा म्हणता येत नव्हता.

नागपूरला कळवलं. उत्तर आलं, सरासऱ्या छापून गेल्या आहेत, नवी टाकी पाठवू. ती यायला वर्ष लागलं. तोवर शेजारची बाग पिवळी पडली, वाळली. प्रयागबाईंनी झाडं तोडायला लावली तेव्हा मी कुऱ्हाडींचे आवाज ऐकत वहीत तापमान लिहीत होतो. लाज वाटत होती, तरी लिहीत होतो.

नव्या टाकीत पहिल्यांदा माप ओतलं. जुन्या एप्रिलांपेक्षा तिसरा हिस्सा कमी. मान वर केली, तर प्रयागबाई कुंपणापाशी. मला ओतताना पाहून सवयीने आल्या होत्या.

"मास्तर, आज किती?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना खात्रीचा आकडा सांगितला. त्या मान हलवून पाणी सोडायला पंपाच्या खोलीकडे निघाल्या. खुंटांमधून अर्ध्या वाटेवर गेल्या, थांबल्या आणि मटकन खाली बसल्या.