शेंदराखालचा चेहरा

सिहोऱ्याकडचे लोक हल्ली आमच्या गावच्या विहारातली मूर्ती बघायला येतात. मूर्ती हजार वर्षांची आहे म्हणे. त्या हजार वर्षांचं मला ठाऊक नाही, पण बाहत्तर ते एकोणऐंशी सालातला गावाचा शहाणपणा मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्यातला थोडा माझ्याच हाताने लिहिला आहे. मी गावचा मास्तर. अक्षर चांगलं असलं की हे भोग येतात.

तेव्हा मूर्ती नव्हतीच. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर ओट्यावर शेंदराचा एक गोळा होता. त्याला आम्ही भिवसन म्हणायचो. पिढ्यान् पिढ्या शेंदूर थापून देव चांगला गरगरीत झाला होता. गोपीचंद पाटलांच्या आजोबांनी त्याला चांदीचे वटारलेले डोळे आणि झुपकेदार मिशाही बसवल्या होत्या. बौद्ध मोहल्ल्यातल्या कोणी त्या ओट्याला शिवायचं नाही, देवाला विटाळ होतो. एवढ्या मिशांचा देव, पण प्रकृतीने फार नाजूक.

बाहत्तर साली पावसाने दडी मारली. रीतीप्रमाणे देव पाण्यात ठेवायचं ठरलं. पाऊस येईस्तोवर बुडून राहायचं, म्हणजे गुदमरून तरी ऐकेल. पण मणभर दगड घेऊन गाळात उतरणार कोण? तेव्हा पाटलांना एकदम शास्त्र आठवलं, की पाण्यात विटाळ लागत नाही. बौद्ध मोहल्ल्यातल्या मंगरूला बोलावणं गेलं. त्याने देव छातीशी धरून बोडीत उरलेल्या पाण्यात नेऊन ठेवला. घरी येऊन बायकोला, रुखमाला, म्हणाला, "आज देवाले पोटाशी धरलं वो. थंडगार होता." तिसऱ्या दिवशी पाऊस आला. गावाने प्रसाद वाटला. मंगरूच्या ओंजळीत तो वरून टाकला.

देव काढायची वेळ आली तेव्हा पाटील म्हणाले, "पाण्यात हाये तवरिक पाऊस पडून राहिला, मंग काढाचा कायले?" सगळ्यांना पटलं. बुडालेल्या देवाच्या जिवावर गाव सात वर्षं भात खात राहिलं. मंगरू मात्र मधेच तापाने गेला.

एकोणऐंशीला बोडी आटली आणि देव आपला आपणच वर आला. ज्याने देव बुडवला त्याच्या घरच्यानेच तो काढायचा, ही आमची रीत. रुखमा उतरली. तिने गाळ धुतला आणि हात तसाच थांबला. शेंदूर, डोळे, मिशा सगळं सुटून गेलं होतं. खाली मिटल्या पापण्यांचे, मंद हसणारे बुद्ध होते. "ह्यालेच धरलं होतं माह्या मानसानं," म्हणत ती गाळातच बसून रडली. मग मोहल्ल्यातल्या बायांना घेऊन तिने मूर्ती बैलबंडीत घातली आणि विहारात नेली. विहार म्हणजे मातीच्या चार भिंती अन् एक तसबीर. मूर्ती आता इथून हलू नये, एवढंच तिला हवं होतं.

पाटील खवळले. देव चोरला म्हणून अर्ज झाला. चौकशीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "तुमचा देव दिसायला कसा होता?"

"डोये वटारलेले, मिशा हातभर," पाटील म्हणाले. "आजोबापासून पाहून राहिलो ना जी!"

अकरा पंचांनी शपथेवर तेच सांगितलं. शेवटच्यापर्यंत मिशा दीड हाताच्या झाल्या. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. साहेबांनी विहारात जाऊन मूर्तीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"साहेब," रुखमा म्हणाली, "ह्यायचा मिशावाला देव सापडला, तं मी सोता खांद्यावर आणून देईन."

अर्ज निकालात निघाला. जन्मभर पूजलेल्या देवाचा चेहरा गावात एकालाही माहीत नव्हता. मलाही नव्हता, आणि याची मला अजून लाज वाटते.

चौऱ्याऐंशीला पुन्हा पाऊस लांबला. पाटील विहाराशी आले आणि दाराबाहेरच उभे राहिले. "रुखमाबाई, देव पाण्यात ठेवाचा होता..."

"याले नाही बुडवत आमी," ती म्हणाली. "पन बाहेर काहून उभे? भीतरी या. हात लावून पाहा. याले विटाळ नाही होत."

पाटील उंबऱ्यात घुटमळले. मग आत जाऊन त्यांनी मूर्तीवर तळहात ठेवला.

"थंडगार हाये," ते हळूच म्हणाले.

"मंगरूबी असाच म्हने," रुखमा म्हणाली.