बारा अंश

शून्य, आठ, सहा, चार... भट्टीच्या जुन्या मीटरवरची नखाएवढी चार काळी चाकं, प्रत्येकावर एकेक पांढरा आकडा, आणि शेवटच्या चाकाची कड बाबांच्या अंगठ्याने इतकी झिजलेली की तिथला काळेपणा जाऊन राखाडी लकाकी आली होती. सुचित्राने बोट पुढे नेलं आणि टेकायच्या आत मागे घेतलं. चाक फिरलं असतं तर भट्टीचं तापमान बदललं असतं, हे खरं. पण बोट मागे आलं ते त्यासाठी नाही. त्या झिजलेल्या जागेवर आपला अंगठा नेमका बसला असता, आणि बसला असता तर आपण इथे, या सगळ्यांसमोर, काय केलं असतं याची तिला खात्री नव्हती.

"मॅडम, तेवढी रेसिपी द्या ना," हरेश म्हणाला. नव्या कंट्रोलरच्या कंपनीचा इंजिनियर. सकाळी साडेदहापासून लॅपटॉप मांडीवर घेऊन एका उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसला होता. "बाकी सगळं ओके आहे. दोन सेन्सर, रेकॉर्डर, ग्राफ आपोआप निघणार. फक्त कुठल्या स्टीलला किती डिग्री तेवढं टाकलं की लॉक. मग ऑपरेटरला हात लावता येणार नाही. ऑडिटवाल्यांना हेच पाहिजे असतं."

"भट्टीला कुलूप," भट्टीच्या दाराशी उभा असलेला नामदेव म्हणाला. "चोर नेनार हाय का तिला?"

"काका, तुमचे डोळे पण कॅलिब्रेट करून देऊ का? फ्रीमध्ये करतो."

"आदी तुजा चष्मा पूस."

ती हसली नाही. हसायला हवं होतं, कारण नामदेव सात आठवड्यांत आज पहिल्यांदाच कुणाला असं बोलला होता. सात आठवडे... बाबा गेल्यापासून ऑफिसातून बिनपगारी रजा घेऊन ती रोज रबाळ्याच्या या गाळ्यात येत होती. लोखंडी पिना तापवायच्या आणि तेलात बुडवायच्या, की त्या कडक होतात, एवढंच तिला लहानपणापासून माहीत होतं. उरलेलं तिने या दिवसांत पुस्तकं वाचून शिकून घेतलं, परीक्षेला बसल्यासारखं. तापमान कमी पडलं की पीन मऊ राहते. जास्त झालं की तडकते, आणि कधी कधी तो तडा दिसतही नाही. तो नंतर उघडतो, क्रेनच्या जोडात, खाली माणूस उभा असताना. तळोज्याच्या गिऱ्हाइकाने पत्र पाठवलं होतं: महिनाअखेरीपर्यंत भट्टीच्या प्रत्येक खेपेचा छापील ग्राफ हवा, नाहीतर काम दुसरीकडे. काम गेलं तर गाळा गेला. नामदेव, त्याच्याबरोबरचे तिघे, बाबांची सव्वीस वर्षं... उद्या चारशे पिना नव्या कंट्रोलरवर लावायच्या होत्या. त्यासाठी एक आकडा हवा होता. एकच.

आणि बाबांची वही सांगत होती, आठशे चौसष्ट.

स्टीलच्या तक्त्यात आठशे तीस होतं. फार तर आठशे वीस ते आठशे चाळीस, त्याच्या बाहेर नाही. सकाळी पहिल्यांदा हे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हा तिने वहीचं पान पुन्हा पुन्हा तपासलं होतं. मग हरेशने आपला सेन्सर भट्टीत घातला, दहा मिनिटं थांबला आणि म्हणाला, "तुमचा जुना मीटर बावीस डिग्री जास्त दाखवतो," आणि तिला एकदम मोकळं वाटलं. म्हणजे बाबांना माहीत होतं. मीटर हळूहळू बिघडत गेला तसा ते आपला आकडा सरकवत गेले, डोळ्यांनी रंग बघून. वहीत तेच तर होतं, आठशे बत्तीस, मग चाळीस, मग सत्तेचाळीस, वर्षामागून वर्षं. घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे ठाऊक असलेला माणूस जसा गाडी कधी चुकवत नाही... ती मनातल्या मनात त्यांना शाबासकीसुद्धा देऊन बसली.

मग तिने वजाबाकी केली. चौसष्टातून बावीस गेले. आठशे बेचाळीस राहिले. तीस नाही. बारा अंश उरत होते, आणि ते मीटरचे नव्हते.

वहीत दीड वर्षापूर्वीपर्यंत आठशे बावन्न होतं, बावीस वजा केले की आठशे तीस, म्हणजे अगदी बरोबर. त्यानंतर सत्तावन्न. मग साठ. मग चौसष्ट. आणि तिच्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात, वाशीच्या एका नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी होती, बाबांच्या टेबलाच्या खणात सापडलेली: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रिया लवकर करावी. तारीख दीड वर्षापूर्वीची. ही चिठ्ठी तिने कुणालाही दाखवली नव्हती. मोतीबिंदूत उजेड कमी पोचतो, आणि उजेड कमी पोचला की रंगावर भट्टी चालवणारा माणूस ती आणखी तापवतो. हे कळायला पुस्तक लागत नाही.

...हे मोजे निळे आहेत की काळे, ग? रविवारची सकाळ, बाबा खिडकीशी, हातात मोजा. निळे, बाबा. मी वाचत होते. मान वर केली नव्हती. काळे होते की निळे, हे मला आजही माहीत नाही.

"मॅडम?" हरेशने घड्याळ पाहिलं. "मला तीनला कळंबोलीला पोचायचंय. वहीतला आकडा टाकू, की तक्त्यातला?"

"थांबा जरा."

ती नामदेवकडे गेली. भट्टीच्या दाराला रुपयाएवढं भोक होतं आणि त्यावर एक पत्र्याची टिकली. ती सरकवून बाबा आत बघायचे, एक डोळा मिटून, श्वास रोखल्यासारखे. याला चेरी लाल म्हणतात, त्यांनी तिला लहानपणी सांगितलं होतं, पण केकवरची चेरी नव्हे, ती चेरी खोटी... खरी चेरी दोघांनीही तोवर पाहिलेली नव्हती.

"नामदेवकाका, बाबा शेवटी शेवटी भट्टी जास्त तापवत होते का?"

नामदेवने हातमोजे काढले, एकात एक घातले, पुन्हा वेगळे केले. गोठिवलीचा माणूस, वडिलांची शेती याच एमआयडीसीखाली गेलेली, आणि तो पहिल्या दिवसापासून या गाळ्यात.

"साहेब मना इचारायचं," तो म्हणाला.

"काय?"

"रंग आयला का म्हनून. पंचवीस वरसांत कदी इचारला नाय. येक दिवस भोकातून बगून झाल्यावर बोललं, नामदेव, तू पन बग. मंग रोजच." त्याने हातमोजे खाली ठेवले. "मना कललं. पन मी कसा काय बोलनार, साहेब, तुमाला दिसत नाय म्हनून?"

"तुम्ही काय सांगायचात?"

"रंग आयलेला असायचा. पन मी बोलायचो, थोरा थांबू या. मीच 'आयला' बोललो आनि कच्चा निंगाला तर? नाव साहेबांचा जानार. मी थोरा थांबू बोललो का ते आकडा वारवायचं. मंग परत इचारायचं. मी परत तसाच बोलायचो." त्याने खाली बघितलं. "पन ताई, येक पीन परत नाय आयली. येक बी नाय."

भट्टीचा पंखा घुमत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला दिसली ती दोन वयस्क माणसं, एका भोकापाशी आळीपाळीने वाकणारी, एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला दिसतंय ते सांगवत नाही, आणि दोघांच्या अदबीत आकडा वर वर चाललेला, पाच अंश, मग तीन, मग चार. बारा अंश. ते ना कसबाचे होते, ना नुसत्या डोळ्यांचे. आणि तरीही पीन परत आली नव्हती. म्हणजे बेचाळीसच बरोबर? की तडे आहेत, आणि अजून उघडायचे आहेत?

"आठशे तीस टाक," नामदेव हरेशला म्हणाला, आणि लगेच, "नाय, पन दाराकरं थंड परते ती..." आणि सुचित्राकडे बघू लागला. हरेशही बघत होता. पलीकडे पिना मोजणारे तिघेही थांबले होते.

"आठशे छत्तीस," ती म्हणाली.

"छत्तीस?" हरेश. "हा कुठून आला? चालेल तसा, लिमिटमध्ये आहे. पण आधार काय लिहू?"

आधार काहीच नव्हता. तक्ता आणि बाबा यांच्या बरोबर मधोमध, दोघांनाही न दुखवता उभा राहणारा आकडा. तोंडातून निघाल्यावर तिला कळलं की हे तेच होतं, थोडं थांबू या. तीही नामदेवसारखीच बोलली होती, आणि बाबा तर विचारायलाही इथे नव्हते.

"आधीच्या अनुभवावरून, असं लिहा."

हरेशने लिहिलं. कळ दाबली. लॉक झालं, म्हणाला. नामदेवने हातमोजे चढवले. तो उद्याच्या पिनांच्या क्रेटकडे वळला आणि चालताना एकदा, फक्त एकदा, मागे वळून तिच्या चेहऱ्याकडे असा बघून गेला, की ती कळूनही न बोलणारी नजर त्याने आजवर बाबांसाठी राखून ठेवली होती हे तिला सांगावं लागलं नाही.

सात आठवडे ती दिवसभरातली प्रत्येक गोष्ट बाबांना सांगत आली होती, आतल्या आत, वाक्यं जुळवून: आज रेकॉर्डरचं कोटेशन आलं, आज पत्रा गळत होता, आज नामदेव जेवला नाही. आत्ताही वाक्य जुळायला लागलं... आज मी आठशे छत्तीस... आणि ते मध्येच थांबलं. तिला ते पुरं करायचंच नव्हतं. निदान एकदा बाबांनी, मोजा हातात धरून तिथे खिडकीशी उभं न राहता, समोर येऊन बसायचं होतं. पुस्तक तिच्या हातातून काढून घ्यायचं होतं. तुम्ही मला नीट विचारलंच नाहीत, ती म्हणाली, आवाज न करता, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या मुठी वळल्या आहेत, की हे दुःख नाही, हा राग आहे, चांगला कडक, गरम. आणि उद्या पिना तेलात पडतील तेव्हा तो असाच शेजारी उभा असेल, की तोवर निवलेला असेल, हे तिला या क्षणी सांगता येत नव्हतं.