मधला कूड

"घराला सा कोपरं? अन् सून रुसून बसली, तं तिला हुडकायची कुटं?"

कोंडाजीने हे साहेबांना विचारलं आणि साहेबांनी प्रश्न वहीत लिहून घेतला. ते सगळंच लिहून घेत. साहेब मुंबईच्या एका संस्थेचे, दाढीवाले, खांद्याला कापडी पिशवी.

एक्याण्णव सालचा मार्च. बेलवलीच्या खालच्या अंगाला नदीकाठी आमची सहा घरं होती, आणि नदी दर पावसाळ्यात ती बघायला यायची. सगळ्यात खाली बनूबाईचं. एकटी बाई, सगळ्यांची आत्या. तीन वर्षांत तिचं घर दोनदा वाहून गेलं. दुसऱ्या खेपेला नुसती चूल उरली, तर बघायला आलेल्यांना म्हणाली, "चूल हाय ना? मंग चाय पिऊन जा." आता तिसऱ्यांदा गेलं की तिला अंबरनाथला भाच्याकडे जावं लागणार होतं. भाच्याच्या बायकोनं तिची जागाही ठरवून ठेवली होती, मोरीच्या बाजूला.

साहेबांनी वरच्या माळावर बांधायची घरं मधमाशीच्या पोळ्यावरून काढली होती. सहा कोपऱ्यांच्या सहा खोल्या गोलात, एकीला एक चिकटून, मधे सामाईक अंगण. लाकडी चौकटी उल्हासनगरात तयार करायच्या, इथे बोल्टांनी जोडायच्या. कुटुंब वाढलं की बाहेरून आणखी एक खोली जोडायची. भिंती मात्र आपल्या जुन्याच, कारवीच्या काठ्यांचा कूड आणि वर शेणमाती.

"निसर्गाकडून शिकायला हवं," साहेब म्हणाले.

निसर्ग आमच्या घरात वर्षाला गुडघाभर यायचा, पण शिकायचं राहून गेलं होतं.

चौकटी बनल्या त्या उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, मी कामाला होतो त्या फर्निचरच्या कारखान्यात. शेठनं नकाशा उलटा धरला, मग सुलटा धरला. काहीच फरक पडला नाही.

"साईं, सोफा बोलो, पलंग बोलो. ये मक्खी का फर्निचर अपुन ने कभी बनाया नहीं."

पण बनवलं.

अडचण चौकटींची नव्हतीच. संस्थेची अट होती की सहाही घरांचे अंगठे हवेत, नाहीतर चौकटी दुसऱ्या गावाला. आणि कोंडाजी न् त्याचा धाकटा भाऊ महिपती अकरा वर्षं बोलत नव्हते. कारण कोंबडा. महिपतीकडे पाहुणे आले, कोंबडा कापला, आणि तो निघाला कोंडाजीचा. त्या जेवणाला कोंडाजीही होता. त्यानं तीनदा रस्सा वाढून घेतला. हात धुतल्यावर त्याला कळलं.

साहेब पुठ्ठ्याच्या सहा खोल्या घेऊन तीन दिवस पारावर बसले. दोघांना शेजारी ठेवलं तर भिंत एक होते. समोरासमोर ठेवलं तर सकाळी दार उघडलं की तोंड दिसतं. एक घर सोडून ठेवलं तर तिरपं दिसतं.

"तिरपा तं आनखी वंगाळ," महिपती म्हणाला.

शेवटी बनूबाई उठली. "सायब, चिकटूनच द्या दोघांना. मधी भिंत आली का तोंड दिसनार कसा?"

दोघांनी विचार केला. मग कोंडाजी साहेबांना म्हणाला, "चालंल. पन भिंत पार कौलांपावत पायजे." महिपती म्हणाला, "माजा बी तेच." अकरा वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. अंगठे मात्र त्यांनी कागदाच्या दोन टोकांना उमटवले.

मे महिन्यात चौकटी उभ्या राहिल्या, कूड बांधून झाले, लिंपणंही झालं. उरला या दोघांमधला. आता कूड लिंपायचा तर दोन्हीकडे माणूस लागतो. इकडून शेणमातीचा गारा दाबला की तिकडून दुसऱ्यानं हात लावून धरायचा, नाहीतर काठ्यांतून सरळ पलीकडे पडतो. आणि सामाईक कूड ज्या दोन घरांचा, त्यांनीच लिंपायचा, ही आमच्याकडची रीत. मी जाऊन हात लावला असता तर दोघांनी मिळून मला बडवलं असतं.

कोंडाजीनं एकट्यानंच सुरुवात केली. गारा पलीकडे पडला. महिपतीनं तो गोळा केला आणि स्वतःच्या चुलीला लावला. दुसऱ्या दिवशी महिपतीनं लिंपलं, तेव्हा कोंडाजीची चूल झाली. आठ दिवसांत दोन्ही घरांत सुंदर चुली, ओटे, कोनाडे झाले. कूड तसाच, आरपार.

सोमवारी साहेब यायचे होते. एक भिंत जरी बाकी असली तरी ताबा कुणालाच नाही. रविवारी बनूबाई गाठोडं घेऊन आली आणि कुडाच्या टोकाशी बसली.

"उभं ऱ्हा दोघं. नदी काय तुमच्या कोंबड्यासाटी थांबनार हाय?"

दोघे कुडाच्या दोन बाजूंना उभे राहिले. मधे वीतभर अंतर.

"आत्ये, त्याला सांग, हात लाव."

"महिपती, हात लाव."

"आत्ये, त्याला सांग, गारा पातळ हाय."

"कोंडाजी, गारा पातळ हाय."

असं दुपारपर्यंत चाललं. मग बनूबाईला बसल्या बसल्या डुलकी लागली. लिंपण कमरेपर्यंत आलं होतं. गारा वाळायला लागला.

"दाब की रं गाढवा," कोंडाजी म्हणाला.

"दाबतोच हाय. तूच हात काढून घेतोस."

लिंपण छातीपर्यंत आलं.

"त्या रश्श्याला मीठ कमी व्हता," कोंडाजी म्हणाला.

"तीनदा वाढून घेतलास."

"मंग काय, कोंबडा कोनाचा व्हता?"

महिपती हसला की खोकला, ते मला बाहेरून कळलं नाही. कौलांपर्यंत लिंपण पोचलं तेव्हा दिवस मावळत होता. बनूबाई जागी झाली. तिनं भिंत बघितली, गाठोडं उचललं आणि आपल्या खोलीत जाऊन पहिल्यांदा झाडू मारला. ताबा दुसऱ्या दिवशी मिळायचा होता, पण तिला अडवायची हिंमत कुणात नव्हती. जुलैत नदी तिच्या जुन्या चुलीवरून गेली. ती माळावरून बघत होती, हातात चहा.

साहेबांनी सोमवारी सगळं तपासलं. त्या मधल्या कुडात, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, हात जाईल एवढं एक भोक सोडलेलं होतं.

"हे बुजवायचं राहिलंय का?"

"नाय नाय," कोंडाजी म्हणाला. "तंबाखू द्यायला."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'पारंपरिक वायुवीजन.' पुढे चौऱ्याण्णव साली संस्थेनं आणखी एका गावात अशीच चाळीस घरं बांधली. दर दोन घरांमधल्या भिंतीत, त्याच उंचीवर, मापात एक भोक आहे.

तिथले लोक अजून विचारतात, हे कशासाठी. बऱ्याच जणांनी चिंध्या कोंबल्यात.