घर की दवाखाना

गेलन मखाचेकला नाही ऐकायची सवय नव्हती. गावातली एकुलती एक बँक त्याची, त्याच्या बापाची, त्याआधी आजोबांची. नेब्रास्कातल्या एवढ्याशा गावात त्याला उलटून कोण बोलणार? पण रेने कुबिचेकने आठवडाभर नन्नाचा पाढा लावला होता.

वाद एका शब्दाचा होता. वर्षभरात दिलेल्या कर्जांतली घरांवरची कोणती आणि बाकीची कोणती, हे ठरवायचं काम रेनेचं. घरकर्जं ठरावीक आकड्यावर गेली की त्यांची सगळी माहिती सरकारला कळवावी लागते, मग तपासनीस येतात आणि कपाटं उपसतात. गेलनला त्यांचं नाव काढलं तरी आंबट ढेकर यायचे. आणि यंदा सगळं अडलं होतं लिंडेन कोर्टच्या कर्जावर; ते घरांत धरलं की आकडा ओलांडला जात होता. लिंडेन कोर्ट म्हणजे म्हाताऱ्यांची इमारत, आणि कर्ज तिच्या दुरुस्तीसाठी. नियम तसा सरळ आहे. माणसं तिथे राहतात आणि जोडीला थोडी मदत मिळते, तर ते घर. उपचार हेच मुख्य काम, तर दवाखाना. बघायचं ते कर्ज दिलं त्या दिवशी तिथे काय होतं एवढंच.

रेनेला त्यात डोकं खाजवण्यासारखं काही वाटलं नाही. तिची आई ॲडलीन तिथेच तर राहत होती! स्वतःची चूल, खिडकीत कुंड्या, मांडीवर एक आळशी बोका. सकाळी एक नर्स येऊन पायमोजे चढवून जायची, एवढाच काय तो उपचार.

सोमवारी लिंडेन कोर्टच्या मालकाचं, ट्रेंट पोस्पिशिलचं पत्र आलं. इमारतीचा मुख्य वापर वैद्यकीय आहे, असं त्याने चक्क लिहून दिलं होतं. सोबत नव्या बांधकामाचा नकाशा. रेनेने तो उलगडून आधी आईची खोली शोधली. आईची चूल होती तिथे खाट. शेजारच्या खोलीतही खाट, अख्ख्या मजल्यावर खाटाच खाटा. म्हणजे दुरुस्ती कसली, ट्रेंट राहणारी माणसं काढून आजारी माणसं आणणार होता, आणि कुणाला अवाक्षर कळवलं नव्हतं. दुसरी अशी जागा थेट लिंकनला. ब्याऐंशीव्या वर्षी आईने तिकडे कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

आणि सांगायची सोय नाही. गिऱ्हाईकाची गोष्ट बँकेबाहेर गेली की नोकरी गेली, वर खटला. त्या संध्याकाळी आई फोनवर उन्हाळ्यात टोमॅटो कुठे लावायचे ते सांगत होती आणि रेने मूग गिळून हं हं करत होती. स्वतःचीच तिला लाज वाटली.

"त्याने लिहून दिलंय ना?" गेलन म्हणाला. "सही कर आणि मोकळी हो. आई तिथे आहे म्हणून तुझा जीव अडकलाय."

"अडकलाच आहे," रेने म्हणाली. "पण सही माझी आहे. जाऊन मालकाला विचारून येते. तेवढा अधिकार नियमाने दिलाय मला."

गुरुवारी दुपारी ती गेली. गुरुवारी तिथे सगळ्यांचं एकत्र जेवण असायचं आणि ट्रेंटही यायचा. टेबलाटेबलावर जाऊन हात मिळवायचा, लाघवी बोलायचा. शाळेपासूनच तसला. डुकराचं मटण, डम्पलिंग आणि आंबवलेल्या कोबीचा वास सुटला होता. आई जवळच्याच टेबलावर बसली होती, पण रेने दारातून थेट ट्रेंटपाशी गेली. आवाज तिने मुद्दामच मोठा काढला.

"ट्रेंट, बँकेच्या कामाने आलेय. एकच विचारायचंय. ही जागा काय आहे, घर की दवाखाना?"

त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. आत ऑफिसात बोलू, म्हणाला. रेने हलली नाही. काटे-चमचे एकेक करून थांबले. दवाखाना म्हणावं तर इतकी माणसं ऐकतायत, घर म्हणावं तर पत्र खोटं. बिचाऱ्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"असं काय करतेस, रेने."

"घर की दवाखाना?"

ट्रेंटने खाली पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो, नुसता भित्रा होता.

"जूनपर्यंत घर आहे," तो म्हणाला.

रेनेला तिचं उत्तर मिळालं होतं. आज घर, म्हणजे कर्ज दिलं त्या दिवशीही घरच. कागदावर तेच जाणार, मग गेलनने उद्या घरी बसवलं तरी बेहत्तर. पण आईकडे बघायचा तिला धीर होईना.

"तुला कधीपासून माहीत होतं?" ॲडलीनने बसल्या जागेवरून विचारलं.

"सोमवारपासून."

"मी टोमॅटोचं बोलत होते तेव्हाही?"

"बँकेची गोष्ट होती, आई. मला सांगता येत नव्हतं."

"आणि आत्ता?"

"आत्ता मी फक्त विचारलं."

ॲडलीनने शेजारची खुर्ची पायाने बाहेर सरकवली.

"बस इथे," ती म्हणाली. "ट्रेंट, तूही बस बाबा. तिचं विचारून झालं, आता आम्ही विचारतो."